भुताचे, भन्नाट आणि बिनपैशाचे पिक्चर: नवीन माणसानं सुरुवात कुठून करावी

हे त्यांच्यासाठी आहे ज्यांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून हॉरर नाहीतर कल्ट म्हणून एखादा पिक्चर लावला, वीस मिनिटांत "हे काय बे, रबराचा राक्षस आहे" म्हणून बंद केला आणि मॅच लावली. अशा पिक्चरला पाहायची एक सवय लागते आणि ती कोणी सांगत नाही, सगळे नुसत्या याद्या देत राहतात.

बाकी सगळं ज्याच्यावर उभं आहे ते आधी सांगतो. छोटा पिक्चर पाहताना पहिला प्रश्न हा विचारायचा की यांच्याजवळ काय नव्हतं, आणि ते नव्हतं म्हणून यांनी काय केलं. पैसा नव्हता, स्टार नव्हता, सेट नव्हता, तरी दीड तास माणसाला बसवून ठेवायचं होतं, मग कसं बसवलं? भीती वाटली का, मजा आली का, हे नंतर. हा प्रश्न डोक्यात असला की भिकार वाटणाऱ्या पिक्चरमध्येसुद्धा दोन-चार जागा अशा सापडतात की माणूस म्हणतो, वा भाऊ.

आणि हॉरर, कल्ट, लो-बजेट हे तिन्ही एकच समजू नका. हॉरर म्हणजे विषय, लो-बजेट म्हणजे खिसा, आणि कल्ट, म्हणजे थोड्या वेड्या चाहत्यांनी डोक्यावर घेऊन जिवंत ठेवलेला पिक्चर, हे पूर्णपणे पब्लिकच्या हातात असते, बनवणाऱ्यानं ठरवून होत नाही. कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर' १९८८ चा, पण थेटरात लागला २०१४ ला, मधली सगळी वर्षं तो पिक्चरवेड्या पोरांनी एकमेकांना कॅसेट देऊन जिवंत ठेवला. कल्ट असा होतो. आजकाल ट्रेलरमध्येच "कल्ट" लिहितात ते सोडून द्या.

पायरी १: आधी खोली, मग पिक्चर

हसू नका, नागपुरात ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे. एप्रिल ते जून आपल्याकडे डेझर्ट कूलर रात्रभर घरघरत असतो आणि भुताच्या पिक्चरचा अर्धा जीव शांततेत असतो, दार जरासं करकरते, वरच्या माळ्यावर काहीतरी सरकते, आणि कूलर ते सगळं खाऊन टाकतो, मग तुम्ही म्हणता की पिक्चर बोअर आहे. तर कान झाकणारा हेडफोन घ्या, महागाचा नको. नाहीतर उन्हाळ्यात मारामारीवाले कल्ट पिक्चर पाहा आणि शांत हॉरर पावसाळ्यासाठी आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीसाठी राखून ठेवा, मी तरी असंच करतो.

टीव्हीवर एक सेटिंग असते, मोशन स्मूदिंग नावाची, प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, ती बंद करा. ती चालू असली की जुना पिक्चर सासू-सुनेच्या सिरियलसारखा गुळगुळीत दिसतो आणि सगळी मजा जाते. सापडत नसेल तर पिक्चर मोडमध्ये 'फिल्ममेकर' निवडा, त्यात ती आपोआप बंद होते. ब्राइटनेस वाढवू नका, खोलीतला लाइट घालवा. अंधारात काही दिसून नाही राहिलं म्हणून ब्राइटनेस वाढवला की जे लपवायचं होतं तेच दिसते, मेकअपचा जोडसुद्धा दिसते.

फोन दुसऱ्या खोलीत. डबिंग नको, सबटायटल लावा, कारण स्वस्तातलं डबिंग सगळ्यांना एकाच आवाजात ओरडायला लावते.

पायरी २: घरापासून सुरू करा, म्हणजे रामसेंपासून

अमेरिका-जपान नंतर. पहिला पिक्चर रामसे बंधूंचा, म्हणजे हिंदीत भुताचे पिक्चर काढणाऱ्या भावांचा पाहा, कारण इथली हवेली, इथलं पाप, इथला त्रिशूळ तुम्हाला समजावून सांगावा लागत नाही. आणि यांची गोष्टच मस्त आहे. वडील एफ. यू. रामसे कराचीहून आलेले, रेडिओचं दुकान होतं. त्यांनी १९७० ला 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' काढला, डायरेक्टर कोण तर आपले 'रणांगण' लिहिणारे विश्राम बेडेकर. पिक्चर पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करायला येतात तेवढा सीन आला की पब्लिक दचकायचं, हे पोरांनी थेटरात बसून पाहिलं आणि ठरवलं की मग पूर्ण पिक्चरच असा काढू. १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' असा आला.

सात भाऊ, कामं वाटलेली. कुमार लिहायचे, तुलसी आणि श्याम डायरेक्शन, गंगू कॅमेरा, किरण साउंड, अर्जुन एडिटिंग, केशू कॅमेऱ्यापासून प्रॉडक्शनपर्यंत जिथं लागेल तिथं. सगळं खानदान महाबळेश्वरला जाऊन शूटिंग करायचं, राहायला गेस्ट हाउस, लोकेशनही तेच, आणि युनिटचा स्वयंपाक घरच्या बायका करायच्या. म्हणजे पगारपत्रक नावाची भानगडच कमी.

पाहायचा कोणता, तर १९८४ चा 'पुराना मंदिर'. त्यातला राक्षस सामरी म्हणजे अनिरुद्ध अग्रवाल, शिकलेले सिव्हिल इंजिनिअर, पण उंची आणि चेहरा असा की मेकअप निम्मा वाचला. पाहताना लाइटकडे लक्ष ठेवा. हवेलीत निळा, हिरवा, लाल उजेड कुठून येते हे कोणी विचारत नाही, धूर सोडला की मागची रिकामी भिंत लपते आणि खोली मोठी वाटते. सेट बांधायला पैसे नाहीत तर लाइटवर रंगीत कागद आणि धूर, झालं काम. मध्येच जगदीपचा शोलेची नक्कल करणारा कॉमेडी ट्रॅक येईल, तो मूळ गोष्टीत कुठंच बसत नाही, तुम्हाला पळवावासा वाटेल. पहिल्या वेळी पळवू नका. तेव्हाचं तिकीट काढणारं पब्लिक तीन तासांचं मनोरंजन मागायचं, भीती, गाणी, मारामारी, हसणं सगळं, आणि रामसेंचा धंदा मोठ्या शहरांच्या चकाचक थेटरांवर चालत नव्हता, तो छोट्या गावांवर चालायचा, आपल्या सीपी-बेरार सर्किटसारख्या, म्हणजे विदर्भ-मध्य प्रदेशाकडच्या पिक्चर वाटपाच्या भागांवर. दुसऱ्या वेळी पाहाल तेव्हा त्या ट्रॅकमध्ये चहा करून घ्या.

रबराच्या मुखवट्याला हसणाऱ्यांना मी एकच विचारतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे नागपुरातली पुतळ्यांची मिरवणूक पाहायला जाता ना? काळी मारबत, पिवळी मारबत, मागून बडगे, सगळं बांबू, कागद आणि रंग आहे हे चार वर्षांच्या पोरालाही माहीत असते, तरी "घेऊन जा गे मारबत" म्हणून अख्खं महाल-इतवारी ओरडतेच. खोटं आहे हे माहीत असून त्यात शिरायचं, नागपूरच्या माणसाला हे शिकवावं लागू नये. तीच नजर घेऊन रामसेंकडे बसा.

'पुराना मंदिर' जमला तर 'वीराना' आणि 'बंद दरवाजा' आहेतच. नाही जमला तर १९९९ चा 'कौन' पाहा, रामगोपाल वर्माचा, एक घर, बाहेर पाऊस, तीन माणसं, गाणी नाहीत. एवढ्यात पिक्चर होऊ शकते हे त्यावरून कळते.

पायरी ३: कान उघडा

भीती डोळ्यांपेक्षा कानातून स्वस्त पडते, हे लो-बजेटवाल्यांना फार आधी कळलं. १९४२ चा 'कॅट पीपल' घ्या. स्टुडिओवाले प्रोड्यूसर व्हॅल ल्यूटनला आधी नाव हातात द्यायचे आणि म्हणायचे की या नावाचा पिक्चर काढ, पैसे इतकेच. जनावर दाखवायला पैसा नाही, तर यांनी जवळजवळ दाखवलंच नाही. एक बाई रात्री रस्त्यानं चालून राहिली, मागं पावलांचा आवाज, मग तो आवाजही थांबते, आणि एकदम फिस्स करून बस येऊन उभी राहते. बस्स. आज प्रत्येक हॉररमध्ये मांजर अंगावर उडी मारते नाहीतर मित्र खांद्यावर हात ठेवते, त्या सगळ्यांचा आजोबा ही बस आहे.

१९७८ चा 'हॅलोवीन' जॉन कारपेंटरचा, म्युझिकही त्याचंच, पियानोवर एकच धून फिरत राहते. खुन्याचा मुखवटा म्हणजे दुकानात मिळणारा स्टार ट्रेकच्या कॅप्टन कर्कचा मुखवटा, पांढरा रंगवलेला, डोळ्यांची भोकं मोठी केलेली. गोष्ट पानगळीच्या दिवसांतली आणि शूटिंग कॅलिफोर्नियात उन्हाळ्याच्या तोंडावर, म्हणून पानं रंगवून रस्त्यावर टाकायची, शॉट झाला की पुन्हा गोळा करून पोत्यात भरायची. हे माहीत झाल्यावर पिक्चर पाहा, प्रत्येक पिवळं पान दिसेल. कुठं कुठं मागं हिरवीगार झाडंही दिसतात, ती शोधायचीच.

इथं एक व्यायाम करा. कोणताही भीतीचा सीन एकदा आवाज बंद करून पाहा, मग त्याच सीनला डोळे मिटून नुसतं ऐका. ज्यात ऐकून जास्त फाटते तो पिक्चर कष्टानं बनवलाय. ज्यात फक्त शेवटचा धाडकन आवाज आहे तो आळशी आहे, बजेट कितीही असो.

पायरी ४: फुकटचे दोन, आणि तेही कायद्यानं

पायरसीच्या भानगडीत पडायची गरज नाही. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', १९६८, जॉर्ज रोमेरो आणि त्याच्या पिट्सबर्गच्या मित्रांनी काढलेला. रिलीजच्या वेळी पिक्चरचं नाव बदललं आणि नवीन टायटल लावताना कॉपीराइटची ओळच सुटली, तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात ती ओळ नाही म्हणजे हक्क गेला, म्हणून तो आज इंटरनेट आर्काइव्हवर उघड उघड पाहता येते. बिचाऱ्यांना त्याचा फार पैसा मिळाला नाही, पण फुकट असल्यामुळंच तो जगभर गेला आणि आजचा झॉम्बी तिथूनच निघाला. रक्त म्हणजे चॉकलेट सिरप, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये कोणाला कळते. पैसे लावणाऱ्यांत एक खाटीक होता, त्यामुळं आतडी वगैरे अस्सल.

एक सावधगिरी. फुकट आहे म्हणून याच्या शंभर खराब प्रिंट फिरतात, धुरकट, कापलेल्या, एक-दोन तर रंगवलेल्याही आहेत. रंगवलेली अजिबात नको. २०१६ ला याचं नीट रिस्टोरेशन झालं, त्यावरून काढलेली प्रिंट मिळाली तर तीच पाहा, काळा रंग काळा दिसला पाहिजे.

दुसरा 'कार्निव्हल ऑफ सोल्स', १९६२. हा मला रोमेरोपेक्षा थोडा जास्तच आवडतो. हर्क हार्वी नावाचा माणूस कॅन्ससमध्ये शाळा-कारखान्यांसाठी माहितीपट काढायची नोकरी करायचा. गाडीनं परत येताना युटामध्ये खाऱ्या तळ्याकाठी एक ओसाड पडलेला करमणुकीचा मंडप दिसला आणि इथं भुतं नाचली पाहिजेत म्हणून त्यानं पिक्चर काढला, खर्च साधारण ३३ हजार डॉलर, आणि मुख्य भूत तो स्वतःच झाला. बिनगिऱ्हाइकाची एवढी मोठी जागा सेट म्हणून मिळाली, हेच त्याचं भांडवल. ऑर्गनचं म्युझिक आहे, हेडफोन लावूनच पाहा. डायलॉग जरा लाकडी आहेत, काही लोकांना अभिनय हास्यास्पद वाटते, पण ती बाई जगापासून तुटल्यासारखी वागते त्यात तो लाकडीपणा बरोबर बसून जाते, मुद्दाम केलं की आपोआप झालं याच्यात पडायचं नाही.

पायरी ५: कॅमेरा हलवणारे

ही पायरी लवकर उरकू. सॅम रेमीनं 'ईव्हिल डेड'साठी महाग यंत्र नव्हतं म्हणून लाकडाच्या फळीवर कॅमेरा बसवला, दोघांनी दोन टोकं धरली आणि जंगलातून पळाले, ती धाव म्हणजेच त्यातलं भूत. 'ब्लेअर विच प्रोजेक्ट', १९९९, यात ॲक्टर लोकांनीच कॅमेरा धरलाय, शूटिंग आठ दिवसांचं, डायरेक्टर त्यांना चिठ्ठ्या ठेवायचे आणि दिवसागणिक खायला कमी द्यायचे, चिडचिड खरी आहे. 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' डायरेक्टरच्या स्वतःच्या घरात झालाय. ज्यांना बसमध्ये मळमळते त्यांनी ब्लेअर विच मोठ्या टीव्हीवर जवळ बसून पाहू नये.

पायरी ६: "इतका वाईट की भारी" वाले, आणि माझं भांडण

सगळे इथूनच सुरुवात करतात आणि इथंच अडकतात, म्हणून मी हे सहाव्या पायरीवर ठेवलं. दहा जण जमवायचे, चिवडा घ्यायचा, पिक्चरला हसत सुटायचं. दोन वेळा मस्त वाटते. तिसऱ्या वेळी कळते की पिक्चर कोणी पाहूनच नाही राहिलं, सगळे एकमेकांचे जोक ऐकून राहिले.

माझा नियम असा की पहिल्यांदा एकट्यानं, गंभीरपणे, नंतर टोळी. एड वूडचा 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' जगातला सगळ्यात वाईट पिक्चर म्हणून मिरवते. त्यातले नट बेला लुगोसी १९५६ ला वारले, त्यांचं थोडंसंच शूटिंग झालेलं, तर एड वूडनं बायकोच्या ओळखीच्या हाडवैद्याला उभं केलं, तो उंच, चेहरा जुळत नाही, म्हणून त्याला पूर्ण पिक्चरभर झगा तोंडावर धरायला लावला. हसा, पण काहीच हातात नसताना पिक्चर थांबवायचा नाही हा हट्ट बघा ना. वाईट पिक्चर तर कोट्यवधी खर्चूनही निघतात, ते कोणी साठ वर्षं आठवत नाही.

आपल्याकडचा 'गुंडा', १९९८, कांती शाहचा. व्हिलन येतात, आपलं नाव सांगून यमक जुळवतात, परत जातात. एकदा ठेका कानात बसला की एखादी खडी गंमत, म्हणजे विदर्भातलं लोकनाट्य, पाहून राहिल्यासारखी वाटते, प्रत्येक पात्र पब्लिककडं तोंड करून एंट्री घेते. झाडीपट्टीची नाटकं रात्रभर बसून पाहिलेल्या माणसाला यात वेडंवाकडं काहीच वाटणार नाही. पण त्यात बायकांबाबत जे दाखवलंय ते घाण आहे, ते कल्ट म्हणून गिळायचं कारण नाही, आणि आई-बाबांसमोर चुकूनही लावू नका.

हसायचंच असेल तर मालेगाव पाहा. यंत्रमागांना शुक्रवारी सुट्टी, कामगार पिक्चर पाहायला मोकळे, आणि व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखनं २००० ला 'मालेगाव के शोले' काढला, खर्च पन्नास हजारांच्या आसपास. त्यांच्यावर फैजा अहमद खानची 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ही डॉक्युमेंट्री आहे, २००८ ची, ती आधी पाहा. लो-बजेट म्हणजे नेमकं काय हे त्यापेक्षा चांगलं मला कोणी दाखवलं नाही. २०२५ ला थेटरात आलेला हिंदी पिक्चर 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' त्यानंतर पाहा, आधी नको.

पायरी ७: मराठीत काय आहे

आहे बाप्पा, बरंच आहे. १९७६ चा 'हा खेळ सावल्यांचा', लोकांना त्यातली गाणी पाठ असतात आणि पिक्चर पाहिलेला नसतो. 'झपाटलेला', १९९३, लहानपणी पाहिला म्हणून विसरू नका, आता मोठेपणी फक्त बाहुल्यासाठी पाहा, रामदास पाध्यांचा बाहुला किती कमी हलून किती जिवंत वाटते, कॅमेरा त्याच्या उंचीवर कधी येते. 'लपाछपी', २०१७, उसाचं रान आणि ऊन. हॉरर म्हणजे रात्र असं ज्यांच्या डोक्यात बसलंय त्यांनी हा आधी पाहावा, आणि मे महिन्यात दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू नसलेलं नागपूर ज्यानं पाहिलंय त्याला उन्हाची भीती काय असते हे सांगायला नको. याच डायरेक्टरनं, विशाल फुरियानं, पुढं हिंदीत 'छोरी' केला, तो नंतर पाहून दोन्हींत काय बदललं ते जुळवा, मला मूळ जास्त आवडतो.

'तुंबाड' हिंदी आहे पण माती आपली, नारायण धारपांच्या गोष्टीचा धागा त्यात आहे आणि पावसाचे सीन खऱ्या पावसाळ्यात, कित्येक पावसाळे थांबून घेतलेत. २०१८ ला लागला तेव्हा थोडक्यांनी पाहिला, २०२४ ला पुन्हा लागला तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावला.

आणि मराठी-हिंदीबाहेर एक, आसामीतला 'आमिस', २०१९. गुवाहाटीतली एक डॉक्टर बाई, एक पोरगा, आणि दोघांना वेगवेगळं मटण खायची आवड. एवढंच सांगतो. सावजीत जेवून येऊन हा लावू नका.

पायरी ८: स्वतः शोधायला शिका

यादी संपली की लोक थांबतात. थांबू नका, माणसं धरा. पिक्चर आवडला तर डायरेक्टर सोडून कॅमेरामन, एडिटर, म्युझिकवाला यांची नावं लिहून घ्या आणि त्यांनी आणखी काय केलं ते पाहा. अमेरिकेतला रॉजर कॉर्मन हा असा एक मोठा दरवाजा आहे, त्यानं स्वस्तातले ढीगभर पिक्चर काढले, 'लिटल शॉप ऑफ हॉरर्स'चं मुख्य शूटिंग तर दोन दिवसांत उरकलं, आणि त्याच्याकडं काम शिकून कोपोला, स्कोर्सेसी, जेम्स कॅमेरॉन मोठे झाले.

पिक्चर लावायच्या आधी लांबी तपासा. हॉररला सेन्सॉरची आणि चॅनलची कात्री फार लागते, मूळ ९५ मिनिटांचा पिक्चर ८२ मिनिटांचा दिसला तर समजा कापलाय, दुसरीकडं शोधा. रक्ताची सवय नसेल तर आधी सावलीवाले, आवाजवाले पाहा, मग रक्तवाले, इथं कोणी मर्दानगीची परीक्षा घेऊन नाही राहिलं.

आणि अर्ध्यात सोडू नका, निदान अर्ध्या तासात तरी नाही. जपानचा 'वन कट ऑफ द डेड', २०१७, सुरुवातीची ३७ मिनिटं एकच शॉट, आणि तो शॉट बऱ्यापैकी बेकार वाटते, माणसं उगाच थांबतात, कॅमेरा पडते. तिथं बंद करणाऱ्यांनी जे गमावलं ते मी सांगणार नाही. ट्रेलर पाहू नका, कोणाला विचारू नका.

पायरी ९: थेटर

छोट्या पिक्चरला नागपुरात बहुतेक एक शो मिळते, तोही दुपारचा नाहीतर रात्री उशिराचा, कोणत्या तरी टोकाच्या मल्टिप्लेक्समध्ये. पुढच्या आठवड्यात पाहू म्हणाल तर सोमवारी शो कमी आणि शुक्रवारी पिक्चर गायब. म्हणून बुधवारी-गुरुवारी बुकिंग उघडलं की ॲपवर शेवटपर्यंत खाली जाऊन पाहा, ज्याचं पोस्टर ओळखीचं नाही तो उघडा, डायरेक्टरचं नाव पाहा, आणि शक्य असेल तर शनिवार-रविवारच्या आतच जा. चार-पाच तिकिटं विकली की शो रद्द व्हायची भीती कमी होते, त्यामुळं दोन मित्र पकडून न्या, न येणाऱ्याला तर्री पोह्यांचं आमिष दाखवा. इंटरव्हलमध्ये फोनवर रिव्ह्यू वाचू देऊ नका त्यांना.